बांधाचें भांडण आणि खुनाचें कलम
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आजचा विषय कानाला गोड लागणारा नाहीं. फौजदारी, कलम, जामीन हे शब्द ऐकले कीं आपला माणूस देवाचें नांव घेतो आणि उठून जातो. पण ज्या घरीं असा प्रसंग येतो, तें घर बहुधा गुन्ह्यापेक्षां अज्ञानानें अधिक बुडतें. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकरी अज्ञानामुळें कसा नागवला जातो हें उघड केलें. तेव्हां राज्य परक्याचें होतें. आज राज्य आपलें आहे, पण कागद वाचण्याचा आळस तोच आहे.

माझ्या शाळेंत ज्यांचीं मुलें शिकलीं असे एक गृहस्थ एके दिवशीं कागद घेऊन आले. बांधावरून शेजाऱ्याशीं तंटा झाला होता. थोरल्या मुलानें रागाच्या भरांत कुऱ्हाड शेजाऱ्याच्या डोक्यांत घातली. शेजारी वांचला. फिर्यादींत कलम १०९ आणि तिन्ही भावांचीं नांवें. म्हातारा म्हणाला, “गुरुजी, माणूस जिता आहे. मग खुनाचें कलम कसें लावलें?”

हाच प्रश्न आपण सर्वांनीं नीट समजून घेऊं. १८६० चा दंडविधानाचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्या दिवसापासून पुढें घडणाऱ्या गुन्ह्यांस ‘तीनशेंदोन’, ‘तीनशेंसात’ हे जुने आंकडे लागत नाहींत. खुनास आतां कलम १०३. शिक्षा फांशी किंवा जन्मठेप. खुनाच्या प्रयत्नास १०९. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि त्यांत कोणास दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. साध्या मारहाणीस कलम ११५. एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाड मोडलें किंवा दांत पडला तर ती जबर दुखापत. कलम ११७, सात वर्षांपर्यंत. हत्यार चालविलें तर कलम ११८ आणि शिक्षा आणखी जड.

म्हणजे भांडण एकच, पण कलम वेगळें. कायदा विचारतो: हातांत काय होतें? घाव पायावर घातला कीं डोक्यावर? एक कीं अनेक? तोंडानें काय बोललास? यावरून मनांतला हेतु ठरतो. एकानें धरलें, दुसऱ्यानें मारलें आणि दोघांचा हेतु एकच होता असें ठरलें, तर दोघेही सारखेच जबाबदार. नुसतें तेथें उभें असणें हा मात्र गुन्हा नव्हे.

आतां त्या घराचें पुढें काय झालें तें ऐका. एका दलालानें “कलम काढून देतों” म्हणून बैलजोडीचे पैसे नेले. कोणत्याही दलालास कलम काढतां येत नाहीं. पोलीस तपास करतात आणि आरोप कोर्ट ठेवतें. गांवच्या पंचांनीं समेट केला, तोही फुकट गेला. साधी मारहाण जखमी माणसाला मिटवितां येते, १०९ चा खटला समेटानें मिटत नाहीं.

थोरला तुरुंगांतच राहिला. दहा वर्षें, जन्मठेप किंवा फांशीपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत मॅजिस्ट्रेटनें कोठडी दिल्यापासून ९० दिवसांत, आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत, दोषारोपपत्र आलें नाहीं, तर आरोपीस जामीन मागण्याचा हक्क मिळतो. पण अर्ज दोषारोपपत्र येण्यापूर्वीं केला पाहिजे. येथें पत्र ९७ व्या दिवशीं आलें. मधल्या सात दिवसांत कोणीही अर्ज केला नाहीं. पत्र आलें आणि तो हक्क गेला. पेरणी बापानें एकट्यानें केली. कागद मीं वाचला होता, पण हा नियम मलाही ठाऊक नव्हता. ट्रेनिंग कॉलेजांत मुलांना दिवस मोजायला शिकविण्याची रीत शिकलों; हे नव्वद दिवस मोजले नाहींत. त्याची खंत आजही आहे, म्हणूनच आज येथें उभा आहें.

तेव्हां इतकें तरी गांठीं बांधा. अटक झाली तर तिचें कारण विचारा. तें सांगणें आणि नातलगास कळविणें पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. फिर्याद देणाऱ्यास तिची नक्कल फुकट मिळते. तपासांत पोलिसांनीं लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाहीं. पोलिसांपुढें दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाहीं. पण तिच्यावरून एखादें हत्यार सांपडलें, तर तेवढा भाग चालतो. वकिलास पैसे नसतील तर बैल विकूं नका. १९८७ च्या कायद्यानें कोठडींतला माणूस, स्त्रिया, अनुसूचित जाति व जमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समिति असते. १५१०० या नंबरावर फोनही करतां येतो.

एक गोष्ट कडू लागेल, पण बोलतों. त्या फिर्यादींतला मधला भाऊ त्या दिवशीं बाजारांत होता. वैर म्हणून त्याचें नांव घातलें. आपणही संधि मिळाली कीं हेंच करतों. खोटा आरोप हा स्वतः गुन्हा आहे, कलम २४८. आणि नांव घालणारा व ज्याचें नांव घातलें तो, दोघेही कुणबीच असतात. पैसा तिसरा नेतो.

आरोप म्हणजे शाबिती नव्हे. गुन्हा शाबीत करण्याचें ओझें सरकारवर आहे, म्हणून पळूं नका आणि साक्षीदारांस दमही देऊं नका. आणि बांधाचा तंटा असेल तर कुऱ्हाड घरीं ठेवून भूमि अभिलेख कचेरींत मोजणीचा अर्ज द्या. मोजणीची फी बैलजोडीपेक्षां खचित स्वस्त आहे.