आतून कुजणारा पर्वत



ज्वालामुखी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आग, धूर आणि तापलेला लाव्हा उभा राहतो. परंतु आग न ओकताही ज्वालामुखी गावेच्या गावे गिळू शकतो. असा पर्वत आतून कुजत जातो आणि एके दिवशी त्याचा कडा कोसळून चिखलाचा लोंढा खोऱ्यात उतरतो. आज त्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

दगड कुजतो, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. पण ज्याने विहीर खणली आहे, त्याला काळा पाषाण आणि मुरूम यांतला फरक सांगावा लागत नाही. मुरूम हाही मूळचा पाषाणच. हवा-पाण्याने दीर्घ काळात तो भुसभुशीत झालेला असतो. ज्वालामुखीच्या पोटात असेच काम निराळ्या रीतीने आणि पुष्कळ वेगाने चालते. खालच्या तप्त शिलारसातून गंधकयुक्त वायू वर येतात, झिरपलेल्या पाण्यात मिसळतात आणि आम्ल तयार होते. हे कढत आम्लपाणी भेगाभेगांतून फिरते. फेल्डस्पारसारख्या कठीण खनिजांची त्यामुळे चिकणमाती बनते. शिवाय चिकणमाती पाणी धरून ठेवते, त्याला सहजासहजी वाट देत नाही. कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढला की खडकाची पकड सुटते. मग भूकंप, अतिवृष्टी किंवा वर चढणारा शिलारस, यांपैकी एखादे निमित्त पुरते.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात ३० ऑक्टोबर १९९८ रोजी हेच घडले. मिच वादळाच्या मुसळधार पावसात कासिता या ज्वालामुखीच्या माथ्याजवळचा कुजका कडा सुटला. उद्रेक झालाच नव्हता. तरीही चिखलाने पायथ्याची एल पोर्वेनीर आणि रोलांडो रॉड्रिगेझ ही दोन गावे पुसून टाकली. दोन हजारांहून अधिक माणसे दगावली.

आता अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील रेनिअर पर्वताकडे पाहा. उंची ४,३९२ मीटर, अंगावर बारमाही हिमनद्या. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी त्याचा माथा आणि ईशान्येची बाजू ढासळली. ‘ओसिओला’ नावाने ओळखला जाणारा तो चिखल थेट समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. चिकणमातीने भरलेला लोंढा लवकर पातळ होऊन विरत नाही, म्हणून तो इतका दूर पोहोचतो. पुढे सुमारे ५०० वर्षांपूर्वी पश्चिमेचा कडा कोसळला. त्या वेळी मोठा उद्रेक झाल्याचा पुरावा सापडत नाही. त्या चिखलाने जे अरण्य गाडले, त्यावरच आज ऑर्टिंग हे गाव वसले आहे. तेथे पाया खणताना जुन्या वृक्षांचे बुंधे हाती लागतात. शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरला उपकरणे टांगून पर्वताच्या आतील विद्युत व चुंबकीय गुणधर्म मोजले. कुजका, पाणी मुरलेला खडक वीज अधिक सहज वाहून नेतो. त्यावरून असा खडक वरच्या पश्चिम उतारावर अधिक आहे, हे नकाशावर आले.

मित्रहो, नकाशा झाला म्हणजे काम संपले असे नाही. कोलंबियात नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाने बर्फ वितळले आणि चिखल आर्मेरो शहरावर आला. तेथील कारण निराळे होते, कडा कोसळला नव्हता. पण लोंढा पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. तेवढ्या वेळात लोकांना उंचावर नेता आले असते. तसे झाले नाही आणि त्या दुर्घटनेत २३ हजारांवर माणसे गेली.

ऑर्टिंगच्या लोकांनी निराळा मार्ग धरला आहे. १९९८ मध्ये रेनिअरच्या खोऱ्यांत जमिनीची थरथर टिपणारी यंत्रे बसवली गेली. लोंढा निघाल्याचे कळले की भोंगे वाजतात. मोठा लोंढा गावात यायला सुमारे तासभर लागेल असा अंदाज आहे. म्हणून तेथील शाळांतील मुले सरावाच्या दिवशी शिक्षकांसह रांगेने उंच जागेकडे चालत जातात. आपल्या शाळेपासून सुरक्षित जागेची वाट कोणती, हे त्या मुलांना ठाऊक आहे.

पालकहो, रसायनशास्त्रातले आम्ल, भौतिकशास्त्रातला दाब आणि भूगोलातला नकाशा हे तिन्ही विषय या एका पर्वतात एकत्र आले आहेत. आपली मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. परंतु आर्मेरोत जे कागदावर राहिले, ते ऑर्टिंगमध्ये मुलांच्या पायांत उतरले आहे. ज्ञान घराघरांत पोहोचले तरच ते प्राण वाचवते. विद्यार्थी मित्रांनो, धडा वाचताना ‘याचा उपयोग कोणाला, केव्हा?’ असा प्रश्न शिक्षकांना जरूर विचारा.