घरगुती ध्वनिमुद्रण आणि आवाजाचा तोल
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, बेळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हांस बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे आभारी आहोत. विषय आम्हीच मागून घेतला. आम्ही पेशाने शिक्षक. शाळेत मुलांना विज्ञान शिकवितो आणि त्यांच्या श्रुतिका संगणकावर ध्वनिमुद्रित करून घेतो. हल्ली घरोघरी असे काही ना काही टिपले जात आहे. कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपतो, कोणी आजोबांच्या आठवणी, कोणी मुलांची गाणी. आवाज टिपण्याची सोय झाली. पण टिपलेल्या आवाजाचा तोल राखण्याची विद्या तितकीशी पसरलेली नाही. ती अवघड नाही. कोणती चावी कोठे आणि का फिरवायची, एवढे समजले की पुरे.

थोडा मागचा इतिहास पाहू. मिरजेस राहून गेलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 साली निवर्तले. त्यांच्या तबकड्या आपण आजही ऐकतो. त्या काळी गळा, तंबोरा, तबला आणि पेटी यांचा तोल ध्वनिमुद्रणाच्या वेळीच ठरत असे. तबला जड झाला तर तबलजीस मागे सरकवायचे, एवढाच उपाय. तबकडी निघाल्यावर तबला वेगळा करून कमी करणे कोणाच्याच हाती नव्हते. पुढे चुंबकीय फीत आली. 1957 साली अमेरिकेतील ॲम्पेक्स कंपनीने लेस पॉल या गिटारवादकास एकाच फितीवर आठ स्वतंत्र ट्रॅक टिपणारे यंत्र दिले. प्रत्येक आवाज आपापल्या ट्रॅकवर राहू लागला आणि तोल नंतरही बदलता येऊ लागला. त्या यंत्राचे काम आज साधा संगणक करतो. 2000 साली निघालेली ऑडॅसिटी विनामूल्य आहे आणि नवशिक्यास सोपी आहे. ट्रॅकचे गट करून काम करावयाचे असेल, तर रीपर किंवा आर्डर अधिक सोयीची.

आता शाळेतलेच उदाहरण घेऊ. श्रुतिकेत एक निवेदक, दोन पात्रे, पेटी आणि तबला आहेत, म्हणजे पाच ट्रॅक झाले. हे पाचही प्रवाह शेवटी एका मुख्य वाहिनीत मिळतात. तिला मास्टर म्हणतात. मास्टरमधून जे बाहेर पडते, तेच श्रोत्याच्या कानी जाते आणि तेच फाइलीत उतरते.

नवशिका काय करतो? पेटी मोठी वाटली की पेटीची चावी खाली आणण्याऐवजी निवेदकाची चावी वर नेतो. मग तबला ऐकू येईना म्हणून तबला वर नेतो. पाचही चाव्या वर गेल्या की मास्टरचा तांबडा दिवा लागतो, आणि घाबरून तो मास्टर खाली ओढतो. दिवा विझतो, पण पेटी निवेदकाला दडपीत होती, ती तशीच दडपीत राहते. मास्टरची चावी सर्वांना सारखीच कमी करते. आपसांतला तोल ती बदलू शकत नाही. मोरीतला नळ जोरात वाहू लागला म्हणून कोणी गच्चीवरच्या टाकीची मुख्य चावी आवळीत नाही. जो नळ जास्त वाहतो, तोच आवळायचा. आवाजाचेही तसेच आहे. एखादा आवाज कमी वाटला तर आधी विचारावे, दुसरा कोणता जास्त झाला आहे?

पाच ट्रॅक आहेत तोवर हे हातांनी निभते. वीस झाले की नाकी नऊ येतात. त्यासाठी मधल्या वाहिन्या करतात. तिन्ही बोलणारे ‘आवाज’ या गटात सोडावेत, पेटी व तबला ‘वाद्ये’ या गटात सोडावेत, आणि हे दोन गट मास्टरकडे न्यावेत. मग संवादाच्या वेळी सगळी वाद्ये एका चावीने मंद करता येतात. पेटी-तबल्यातला आपसांतला तोल मोडत नाही. अशा गटाला तंत्रज्ञ ‘बस’ म्हणतात. मुले हसतात, त्यांना बस स्टँड आठवते. पण दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिन भाषेत ‘ऑम्निबस’ म्हणजे सर्वांसाठी. प्रवाशांची गाडीही त्यातूनच आली आणि विजेची सामायिक वाहिनीही.

येथे एक खाचखळगा आहे. ट्रॅक गटात सोडला, पण त्याची मास्टरकडे जाणारी सरळ वाट बंद केली नाही, तर तोच आवाज दोन वाटांनी मास्टरला पोचतो. दोन अगदी सारखे प्रवाह एकत्र आले की पातळी सुमारे 6 डेसिबलने वाढते. मग गटाची चावी पूर्ण खाली आणली तरी आवाज थांबत नाही, आणि यंत्र बिघडले असे वाटते. यंत्र शहाणे असते. वाट चुकलेली असते. रीपरमध्ये प्रत्येक ट्रॅकला ‘मास्टर सेंड’ अशी एक खूण असते. ट्रॅक स्वतंत्र गटाकडे पाठविला असेल तर ती खूण काढावी.

दुसरी गोष्ट शून्याची. मुलांस शून्य म्हणजे काहीच नाही असे वाटते. येथे दोन शून्ये आहेत आणि दोन्हींचा अर्थ निराळा. चावीवरचे शून्य म्हणजे आले तसे जाऊ द्या, वाढवू नका की कमी करू नका. पातळी दाखविणाऱ्या पट्टीवरचे शून्य म्हणजे छत. त्याच्या वर जागा नाही. म्हणून पातळ्या उणे आकड्यांत लिहितात. मास्टरची चावी शून्यावर असू द्यावी, आणि खालच्या चाव्या अशा लावाव्यात की मास्टरच्या पट्टीवरील सर्वांत उंच टोकही छताखाली राहील.

छताला डोके लागले तर काय होते? नेहमीच्या 16 बिट फाइलीत ध्वनीचा प्रत्येक नमुना उणे 32,768 ते अधिक 32,767 या आकड्यांत बसवावा लागतो. त्यापलीकडचे टोक कापले जाते आणि आवाज फाटतो. संगणकाच्या आतला हिशेब या रीपर-आर्डरसारख्या प्रणाली अशा रीतीने करतात की मधल्या वाटेत पातळी छतावर गेली तरी पुढे कमी करून ती सावरता येते. परंतु दोन दरवाजांवर बहुधा सवलत नसते. एक, जेथून आवाज मायक्रोफोनमधून संगणकात शिरतो. दुसरा, जेथून तो फाइल होऊन बाहेर पडतो. बाहेरच्या दरवाजावर टोक कापले गेले तर चाव्या सुधारून फाइल पुन्हा काढता येते. आतल्या दरवाजावर कापले गेलेले परत येत नाही. ट्रॅकची चावी खाली केली तर फाटका आवाज हळू ऐकू येतो, एवढेच. कारण ट्रॅकची चावी ध्वनिमुद्रण झाल्यानंतरच्या वाटेवर असते. टिपताना पातळी ठरते ती मायक्रोफोन ज्या पेटीला जोडला आहे तिच्यावरच्या चावीने.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या ओव्या टिपल्या. आजी बोलताना हळू बोलत, म्हणून त्याने आतली चावी बरीच वर ठेवली. ओवी सुरू झाली आणि म्हातारीचा गळा खुलला. प्रत्येक ओळीचे वरचे टोक कापले गेले. ते लक्षात येईपर्यंत तीन महिने लोटले होते आणि आजी राहिल्या नव्हत्या. त्याने फाइल आमच्याकडे आणली. शब्द सगळे कळतात. पण जेथे आवाज चढतो तेथे त्यांचा गळा उरलेला नाही. आमच्याजवळ त्यावर इलाज नव्हता, कोणाजवळही नसतो.

म्हणून आम्ही मुलांना एक नियम लावून दिला आहे. टिपण्याआधी बोलणाऱ्याकडून सर्वांत मोठ्या आवाजातले एक वाक्य किंवा एक ओळ म्हणवून घ्यावी. तेव्हा पट्टीचे टोक उणे 12 ते उणे 6 च्या दरम्यान राहील अशी आतली चावी लावावी. आवाज मंद टिपला गेला अशी भीती बाळगू नये. 24 बिटने टिपलेला मंद आवाज नंतर वाढविता येतो; फाटलेला शिवता येत नाही.

शेवटची सूचना रात्री काम करणाऱ्यांसाठी. घरचे झोपले आहेत म्हणून आवाज कमी करायचा असेल, तर हेडफोनची चावी फिरवावी, मास्टरला हात लावू नये. ऑडॅसिटीत वाजविण्याची चावी निघणाऱ्या फाइलीला बाधत नाही; पण रीपरमध्ये मास्टर खाली राहिला तर फाइलही तितकीच मंद निघते. ऐकण्याची चावी आपल्या कानासाठी असते आणि मास्टरची चावी श्रोत्यासाठी, हे वेगळेपण ध्यानात असावे.

मंडळी, आपल्या घरांत आज जे सत्तरी-ऐंशीचे आवाज आहेत, ते मराठीत, कानडीत, उर्दूत, आणि पुष्कळदा तिन्ही मिसळून, असे काही सांगतात की जे कोठे छापलेले नाही. यंत्र आपल्याजवळ आहे, प्रणालीला पैसा पडत नाही. या महोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक तरी आवाज टिपावा, अशी आमची विनंती आहे. आतली चावी आधी पाहावी, जास्त झालेला आवाज कमी करावा, वाटा तपासाव्यात, मास्टर शून्यावर ठेवावा. आणि मूळ ट्रॅक कधीही पुसू नयेत. तोल पुढच्या पिढीला आपल्याहून चांगला साधेल. पण त्यासाठी मूळ आवाज तिच्या हाती धड पोचला पाहिजे.