घोटाआधी घास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं माद्रिदमध्ये राहते, म्हणून संयोजकांनी मला स्पेनमधल्या वाइनबद्दल आणि घरच्या जेवणाबद्दल बोलायला सांगितलं. सर आणि बाई पहिल्या रांगेत बसलेले असताना शाळेच्या व्यासपीठावर हा विषय! पण खरं सांगायचं तर यातलं निम्मं तुम्हीच शिकवलंय. भूगोलाच्या तासाला आम्ही भूमध्य सागरी हवामान घोकलं होतं : उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, पिकं द्राक्षं आणि ऑलिव्ह. विज्ञानाच्या तासाला शिकलो की यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. हे दोन धडे एकत्र केले की वाइन झाली.

जगात द्राक्षबागांचं सर्वांत मोठं क्षेत्र स्पेनमध्ये आहे. तरी मी पाहिलेल्या घरांत वाइनचा बडेजाव नसतो. दुपारी दोन-तीनला मुख्य जेवण. टेबलावर पाव, पाण्याचा जग आणि एक बाटली. आजी अर्धा पेला घेते, गाडी चालवायची असलेला जावई पाणी घेतो, आणि कुणी कुणाला आग्रह करत नाही. जेवण झालं की बाटलीला बूच लागतं.

चाखायची रीत मी तिथल्या शेजारणीकडून शिकले. पेला तिसरा हिस्साच भरायचा. आधी वास, मग छोटा घोट, तो तोंडात फिरवायचा. मग जेवणाचा एक घास, आणि त्यानंतर दुसरा घोट. खरी परीक्षा या दुसऱ्या घोटाची. पहिला घोट तुरट लागलेली वाइन घासानंतर मऊ लागली, तर जोडी जमली. घासाची चवच गेली, तर नाही जमली.

उत्तरेकडच्या रिओखा प्रांताची तांबडी वाइन घ्या. तिचं मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. ते लवकर पिकतं, म्हणून ‘लवकर’ या अर्थाच्या शब्दावरूनच त्याला हे नाव पडलं. बाटलीवर ‘क्रिआन्था’ लिहिलं असेल तर ती निदान दोन वर्षं मुरलेली असते, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. ‘रेसेर्वा’ तीन वर्षं मुरवतात, ‘ग्रान रेसेर्वा’ पाच. तिथे द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्या पेटवून त्यावर कोकराच्या बरगड्या भाजतात. मांसातली चरबी वाइनचा तुरटपणा कमी करते आणि तुरट घोट तोंडातला तेलकटपणा काढतो. पण रोजच्या मसुराच्या आमटीत लाल सॉसेजचे तुकडे पडले, तरी साधी क्रिआन्था पुरते. महागडी बाटली उघडायची गरज नसते.

वायव्येचा गालिसिया प्रांत मात्र भूगोलाच्या त्या धड्यात बसत नाही. तिथे पाऊस भरपूर, सगळं हिरवंगार. दमटपणामुळे घड कुजू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी वेली दगडी खांबांच्या मांडवावर चढवतात. पाहताना मला नाशिकचे मांडव आठवतात. तिथल्या आल्बारिन्यो द्राक्षाची पांढरी वाइन चांगलीच आंबट असते. समुद्राच्या मासळीवर आपण लिंबू पिळतो, तेच काम ती करते.

दक्षिणेला हेरेथ शहर आहे. ‘शेरी’ हा इंग्रजी शब्द याच नावावरून आला. तिथली ‘फिनो’ पिंपात मुरताना तिच्यावर यीस्टची पांढरी साय धरते. त्या सायीमुळे हवा लागत नाही आणि वाइन फिकट, कोरडी राहते. थंडगार फिनो, खारे बदाम, ऑलिव्ह आणि तळलेली मासळी ही तिथली ठरलेली जोडी. माझ्या घरी ती रवा लावून तळलेल्या मासळीबरोबर छान जमते, फक्त तिखट बेतानं घालायचं. कोल्हापुरी रस्सा आणि तुरट तांबडी वाइन यांचं मात्र मुळीच पटत नाही. अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही तिखटाची आग वाढवतात. रश्शाबरोबर आपलं सोलकढीचं वाटीभर पाणीच खरं.

आता ज्यासाठी हा विषय स्वीकारला, ते सांगते. आपल्या वर्गातला एक बाक आज दारूमुळे रिकामा आहे. त्याच्या पत्नीला विचारूनच मी हे बोलते आहे. तो घरापासून लांब, उपाशीपोटी, लपून प्यायचा. घरी आल्यावर झाकून ठेवलेलं ताट तसंच राहायचं. जेवणासोबत घेतली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात, आणि स्पेनमध्येही व्यसनी माणसं आहेत. अल्कोहोलचं अगदी निर्धोक असं प्रमाण नाही, असं डॉक्टरही आता स्पष्ट सांगतात. जे घेत नाहीत त्यांनी माझं भाषण ऐकून सुरुवात करू नये.

पण जे घेतात, त्यांना त्या टेबलावरची एक गोष्ट सांगावीशी वाटते. तिथे पेला ताटाच्या शेजारी असतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असतो. पेला ताटापासून दूर जायला लागला, की घरच्यांच्या ते लगेच लक्षात येतं आणि ते बोलू शकतात. आपल्याकडे लपवाछपवीमुळे लक्षात येईपर्यंत उशीर होतो, आणि लक्षात आलं तरी लाजेपोटी कुणी बोलत नाही. आपणही त्याच्याशी कधी बोललो नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या वर्गात अजून कुणाचं ताट झाकून राहत असेल, तर त्याला फोन करा, घरी जेवायला बोलवा, आणि समोर बसून विचारा. सरांनी आपल्याला डबा एकट्यानं खाऊ दिला नव्हता. तेवढी शिस्त आपण अजून पाळू शकतो.