दगडावर दगड

मंडळी, भूमध्य समुद्रात स्पेन देशाचे मायोर्का नावाचे बेट आहे. त्याच्या वायव्येस त्रामुंताना ही सुमारे ९० किलोमीटर लांबीची डोंगररांग. आज देशोदेशींचे लोक तिथे पायी हिंडायला येतात. पण या वाटा हौसेखातर पडलेल्या नाहीत बरं का! ऑलिव्ह पिकवणारे शेतकरी, कोळशाच्या भट्ट्या लावणारे, हिवाळ्यातला बर्फ साठवून उन्हाळ्यात खाली विकायला नेणारे, अशा कष्टकऱ्यांच्या पायांनी त्या घडल्या.

सोयेर गावच्या खोऱ्यातून दगडी पायऱ्या चढू लागलात, की उतरणीची माती अडवणाऱ्या ताली दिसतात. त्यांत चुना नाही की सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. आपल्या कोकणात गडगा रचतात ना, तशाच! पाणी फटींतून निघून जाते, माती जागीच राहते.

२०११ साली युनेस्कोने या डोंगररांगेला जागतिक वारशाचा मान दिला. पण मानाने भिंत उभी राहत नाही. एक दगड निसटला, की मागची माती वाहते. मग ताल जाते, वाटही जाते. म्हणून तिथे नव्या पिढीला हे काम शिकवून पडक्या भिंती पुन्हा रचतात.

गुरुजी, आपल्या गावात गडगा रचणारा जाणता हात असेल, तर मुलांना एकदा त्याच्यापाशी घेऊन जा.