फुकट खेळ आणि मुक्त खेळ

आम्ही हडपसरच्या वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करतो. मासिक बैठकीत हप्ते जमा झाले, कर्जाच्या मागण्या लिहून झाल्या, की मोबाईलची तक्रार निघतेच. आई कामावर, पोरं घरी आणि हातात फोन. खेळ फुकट म्हणून घेतलेला असतो. पण दर दोन मिनिटांनी जाहिरात येते, पुढं जायचं तर पैसे भरा म्हणतो. पोरांना आईचा पिन पाठ असतो. महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेले रुपये असे जाऊ नयेत, म्हणून आम्ही मुक्त खेळांच्या प्रसाराचं काम हाती घेतलंय.

फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. समजा, एकीनं मसाल्याचं पाकीट फुकट दिलं, पण आत काय घातलंय ते सांगितलं नाही. दुसरीनं मसाल्याबरोबर कृतीही दिली आणि म्हणाली, तुम्ही करा, तिखट कमी-जास्त करा, शेजारणीलाही द्या. मुक्त खेळ हा दुसरा मसाला. त्याची कृती उघडी असते. कोणीही तपासू शकतं, बदलू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं. म्हणूनच त्यात लपवाछपवी टिकत नाही.

आम्ही दोन खेळांपासून सुरुवात केली. पहिला जीकॉम्प्री. फ्रान्समध्ये 2000 साली तो सुरू झाला. नावाचा फ्रेंच उच्चार ‘मला समजलं’ असा ऐकू येतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात मोजणी, अक्षरं, कोडी, घड्याळ, बुद्धिबळ असे शंभरावर खेळ आहेत. दुसरा टक्स पेंट, 2002 पासूनचा, चित्रं काढण्याचा. त्यात मराठी भाषा निवडता येते. दोन्हींत जाहिरात नाही आणि एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही.

आपल्याकडे असा प्रयोग आधीही झालाय. 2007 साली कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या शाळेत मुलांना स्वस्त लॅपटॉप मिळाले. त्यांतली शुगर नावाची सगळी व्यवस्था मुक्त होती. मुलं त्यावर चित्रं काढत, खेळत शिकली. पण तिथं मुलांबरोबर गुरुजी होते. नुसतं यंत्र हातात देऊन भागत नाही, शेजारी बसणारं माणूस लागतं. आमच्या स्वयंसेविका ते काम करतात.

कामाची रीत सोपी आहे. कॉलेजात जाणारी एक मुलगी आणि गटातली एक ताई, अशी जोडी. मुलीला फोन कळतो, ताईला घर कळतं. एका जोडीकडे पाच घरं. रविवारी दुपारी जायचं, खेळ घालून द्यायचा, अर्धा तास मुलांबरोबर आणि आईबरोबर खेळायचं. आठ दिवसांनी पुन्हा जाऊन विचारायचं, खेळतात का, कुठं अडलं? पुढच्या बैठकीत ते सांगायचं. एका वेळी पाचच घरं, कारण दुसरी फेरी चुकली की पोरं पुन्हा जुन्या खेळाकडे वळतात.

नियम तीनच. फोन मालकिणीच्याच हातात राहील. ओटीपी, पिन विचारायचा नाही. एक रुपयाही घ्यायचा नाही.

खेळ घेताना बनावट नावांपासून सावध राहा. जीकॉम्प्रीखाली केडीई हे नाव आहे का, ते पाहा. मगरपट्टा, अमनोराकडे कामाला जाणाऱ्या काही मैत्रिणींना जुना लॅपटॉप मिळतो. तो भंगारात घालू नका. हे खेळ जुन्या लॅपटॉपवरही चालतात, आणि पेन ड्राइव्हवरून एकीकडून दुसरीकडे देता येतात. त्यात चोरी नाही, तशी परवानगीच दिलेली आहे.

खेळ चांगला असला तरी वेळेची मर्यादा हवीच. आमच्या घरांत अर्ध्या तासानंतर फोन कपाटावर आणि पोरं अंगणात, असं ठरलंय.

तुमच्या गटात फोन समजणारी एक मुलगी आणि वेळ देणारी एक ताई असेलच. पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि पहिली जोडी ठरवा. पैसे लागत नाहीत, माणसं लागतात, आणि ती जोडायची कला बचत गटानं आपल्याला शिकवलेलीच आहे.