पाच मिनिटांचा लघुपट आणि भाषेचा तास

(वैशाखरे येथील शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वैशाखऱ्यावरून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शिलालेख आहे. त्या काळी भाषा जपण्याचे साधन दगड होते. आज ते साधन प्रत्येकाच्या खिशातील मोबाईल झाले आहे. त्यावर चालणारा लघुपट भाषेच्या तासाला कसा उपयोगी पडतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम प्रश्न, लघुपट म्हणजे काय? ऑस्कर पारितोषिकाच्या नियमांप्रमाणे 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानतात. वर्गासाठी मात्र पाच ते पंधरा मिनिटांचा बरा, म्हणजे पाहणे, बोलणे आणि लिहिणे ही तिन्ही कामे एक-दोन तासिकांत उरकतात.

लघुपटांचे ढोबळमानाने चार प्रकार आपल्याला पुरेत. पहिला माहितीपट. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने असे असंख्य पट मराठीसह अनेक भाषांत काढले. ते चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी सक्तीने दाखवले जात. 2022 साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. माहितीपटाचे निवेदन सावकाश आणि स्वच्छ असते, म्हणून श्रुतलेखनाला आणि सारांशलेखनाला तो उत्तम.

दुसरा प्रकार चित्रांच्या हालचालींतून केलेला, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा. 1974 सालचा ‘एक अनेक और एकता’ तुमच्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. तो हिंदीत आहे, पण त्यातून एकवचन-अनेकवचन शिकवण्याची युक्ती कोणत्याही भाषेला लागू पडते. त्यामागे ज्यांची कल्पना होती त्या विजया मुळे या मराठी बाई.

तिसरा शब्दाविना चालणारा पट. सत्यजित राय यांचा 1964 सालचा ‘टू’ पाहा. बंगल्याच्या खिडकीत श्रीमंताचा मुलगा, खाली झोपडीपाशी गरिबाचा. दोघे आपापल्या खेळण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करतात. संवाद एकही नाही. शिक्षकाला यापेक्षा मोठी देणगी कोणती? संवाद आपल्या मुलांनी लिहायचे!

चौथा कथापट. नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’ या लघुपटाला 2017 सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. शाळेने पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलेला असतो आणि मुलाच्या घरात पाऊसच शिरलेला असतो. माळशेजच्या पायथ्याच्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. पुस्तकातला पाऊस हिरवागार शालू नेसवतो. आपल्याकडचा पाऊस कौले उडवतो, ओढा अडवतो आणि आवणीसाठी मुलाला शाळेतून घरी बोलावतो. हा पट दाखवून निबंध लिहायला सांगा. गाईडमधला निबंध वहीत उतरणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या वर्गात कोकणी मुसलमान घरातली बोली बोलणारा मुलगा असतो, उर्दू शाळेतून आलेली मुलगी असते, शेजारच्या बाकावर ठाकर किंवा कातकरी वाडीतले मूल असते. प्रमाण मराठी यांपैकी कोणाच्याच चुलीपाशी बोलली जात नाही. मूल गप्प बसते, आणि आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. पुढे तेच मूल शाळा सोडते. ते मठ्ठ नसते, चुकण्याला भीत असते. लघुपट पाहिल्यावर प्रत्येकापाशी सांगण्यासारखे काहीतरी असते आणि भीती थोडी मागे सरते.

वाचक शिक्षकांनो, पद्धत साधी आहे. पट आधी घरी स्वतः दोनदा पाहा. वर्गात पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा आणि ‘काय दिसले?’ एवढेच विचारा. मुले आपापल्या बोलीत सांगू देत, मध्येच दुरुस्त करू नका. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबवा आणि ‘पुढे काय होईल?’ विचारा. भविष्यकाळ तिथे आपोआप येतो. तिसऱ्यांदा आवाजासह दाखवा. मग फळ्यावर दोन रकाने आखा. एकात मुलांचे बोलीतले वाक्य, दुसऱ्यात प्रमाण मराठीतले. पहिला रकाना पुसू नका. उर्दूच्या मुलीला हेही दाखवा की दप्तर, कागद, शाई, तारीख, हजेरी हे मराठी शब्द तिच्या घरातूनच आले आहेत. ती परकी नाही.

पडदा नसेल तर आठ-आठ मुलांचा गट करून मोबाईलवर पाळीपाळीने दाखवा. बाकीचे गट तोवर लिहितील. वीज नि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून पट आधीच उतरवून ठेवा. आणि पट लावून स्वतः कार्यालयात जाऊन बसू नका. प्रश्न विचारणारा शिक्षक नसेल तर ती निव्वळ करमणूक होते.

काही पालक म्हणतील, शाळेत सिनेमा कशाला? शंका रास्त आहे. पण मोबाईल घरात केव्हाच आलेला आहे. मूल त्यावर काय पाहते हे आपल्याला ठाऊक नसते. शाळेत निवड शिक्षकाची असते आणि पाहून झाल्यावर बोलावे, लिहावे लागते. पालकांनी एखादे दिवशी वर्गात येऊन आधी स्वतः पाहावे, ही माझी विनंती आहे.

शेवटी एक गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला. त्याआधी दादासाहेब फाळके यांनी मातीत बी पेरून, त्याची थोडी थोडी चित्रे घेत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा पट केला होता. तेच आपण करू. वर्गाच्या खिडकीत वालाचे बी पेरा. रोज मोबाईलवर एक छायाचित्र आणि वहीत प्रत्येक मुलाचे एक वाक्य. महिन्याने छायाचित्रे ओळीने दाखवली की वर्गाचा स्वतःचा लघुपट तयार. वाक्ये ओळीने वाचली की त्याचे निवेदनही तयार. कालपर्यंत गप्प बसणाऱ्या मुलालाच ते मोठ्याने वाचायला सांगा.