नळीच्या तोंडाशी

कविता लिहिणाऱ्या माणसानं बंदुकीवर बोलावं हे जरा विचित्रच. पण माझं बालपण कोकणातलं. घरात आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून भात राखायला शेतीसंरक्षणाचे असे परवाने मिळत. बंदूक साफ करून झाली की आजोबा नळीच्या तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवत. तिथे खरवड आली की बंदूक आपलं ऐकत नाही, म्हणत. मी पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो आणि त्या अंगठ्याचा अर्थ मला कळला तो थेट २०१८ साली, अमेरिकेत.

माझा भाचा पेनसिल्व्हेनियात राहतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. तिकडे मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करता येते. त्या वेळी थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हा रायफलचा हंगाम सुरू होई. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळा त्या सोमवारी बंद असत. आपल्याकडे गणपतीला असतात, तशा.

मी पोचलो तेव्हा सोमवार दहा दिवसांवर आला होता आणि भाचा गप्प गप्प होता. शेवटी एका रात्री बोलला. आदल्या वर्षी त्यानं एका मादीवर गोळी झाडली. ती पडली नाही, जखमी होऊन रानात शिरली. हा आणि शेजारचे म्हातारेबुवा रक्ताच्या थेंबांमागून काळोख पडेपर्यंत फिरले. सापडली नाही. “मामू, मी बिस्मिल्ला म्हणून चाप ओढला होता,” तो म्हणाला आणि थांबला. मी काय बोलणार?

त्या हंगामाआधी त्यानं रायफलीत एकच बदल केला होता. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, बंदुकीची लाथ सोसवेना. म्हणून एका दुकानातून नळीच्या टोकाला आटे पाडून घेतले आणि त्यावर ‘मझल ब्रेक’ बसवला. ही चार बोटं लांबीची, भोकं पाडलेली पोलादी टोपी. गोळीमागून येणारा वायू आतल्या भिंतींवर आदळून बाजूंनी बाहेर पडतो. त्यामुळे बंदूक थोडी पुढे ओढली जाते आणि खांद्यावरचा दणका कमी होतो. फुकट काहीच मिळत नाही, तेव्हा आवाज मात्र कानठळ्या बसवणारा होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. शंभर यार्डांवर कागद लावला. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून त्यानं तीन गोळ्या झाडल्या. तीन भोकं, चार इंचांत फाकलेली. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. म्हणजे दोनशे यार्डांवर ही फाक ती सगळी जागा खाऊन टाकणार, आणि नेम जरासा चुकला तरी गोळी पोटात नाहीतर पायात.

भाचा लगेच दुर्बिणीचे स्क्रू फिरवायला निघाला. म्हातारेबुवांनी त्याचा हात धरला. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. ते म्हणाले, आधी कागद नीट वाच. तिन्ही भोकं जवळजवळ पडून सगळा झुबका बाजूला सरकला असेल, तर तो दोष नव्हे. नळीच्या टोकाला वजन आलं की गोळी सुटतानाची तिची थरथर बदलते आणि गोळ्या नव्या जागी पडतात. दुर्बीण नव्यानं जुळवली की झालं. पण भोकंच फाकली असतील, तर दुर्बीण कितीही फिरव. (ही थरथर कामी लावणारी सोयही आहे. १९९० च्या दशकात ब्राउनिंग कंपनीनं ‘बॉस’ नावाचं साधन आणलं. नळीच्या टोकावरचं वजन आकडे पाहून पुढेमागे करायचं आणि जिथे गोळ्या जवळ पडतील तिथे पक्कं आवळायचं. ते आवळणं ढिलं राहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.)

सरकणं वेगळं आणि फाकणं वेगळं. हे मला फार आवडलं.

मग एका वेळी एकच बदल, असं ठरलं. काडतुसं त्याच खोक्यातली. दर तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्यायची. दस्त्याचे आणि दुर्बिणीचे स्क्रू तपासले, ते घट्ट होते. नंतर रायफल रिकामी करून ब्रेक काढला, आट्यांवर साधी टोपी चढवली. तीन गोळ्या सव्वा इंचात! ब्रेक पुन्हा बसवला, पुन्हा चार इंच. म्हणजे नळी चांगली, दुर्बीण चांगली, काडतुसंही चांगली.

म्हातारेबुवांनी ब्रेक काढून उजेडात धरला. बाहेरच्या भोकाच्या एका कडेला तांब्याची बारीक चमकदार रेघ होती. गोळी जाता जाता तिथे घासत होती. ते भोक गोळीपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरनं मोठं असतं. ब्रेक किंचित तिरका बसला तरी पुरे. त्यांनी तिथेच सांगितलं, आता ब्रेक लावून एकही गोळी नाही. घासणारी गोळी ब्रेकही फोडू शकते.

त्यांच्या घरी रायफलीचा खटका काढून नळीतून एक सरळ पोलादी गज घातला. ब्रेकच्या तोंडाशी तो मधोमध दिसायला हवा होता. एका बाजूला टेकलेला दिसला. आट्यांतली काजळी साफ केली, तरी तसाच. मग कळलं की दुकानात आटे पाडताना नळीची बाहेरची बाजू धरून माप घेतलं होतं. नळीचं आतलं भोक बाहेरच्या गोलाईच्या अगदी मध्यावर असतंच असं नाही. आतल्या भोकाशी जुळवून ब्रेक टेकतो तो खांदा लेथवर पुन्हा कापावा लागला. नळीच्या कडेवरून म्हातारेबुवांनी बोट फिरवलं तेव्हा मला आजोबा आठवले. त्या कडेला टवका असेल तर वायू एका बाजूनं आधी सुटतो आणि जाणाऱ्या गोळीला ढुशी देतो. ती कड शाबूत होती.

पुन्हा मैदानावर. दोन गोळ्या चिकटून, तिसरी दोन इंच खाली. पुन्हा तसंच. भाचा वैतागला. म्हातारेबुवांनी मला डोळा घातला आणि पुढच्या खेपेला त्याच्या नकळत एक खोटं काडतूस भरलं. भाच्यानं चाप ओढला. नुसतं ‘टक्’ झालं, आणि नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली गेलं. धडाका व्हायच्या आधीच पोरगं दचकत होतं. ब्रेकच्या आवाजानं, त्यात वर पत्र्याचं छप्पर! भाचा त्या रिकाम्या रायफलीकडे बघत राहिला.

“म्हणजे त्या दिवशी ब्रेकही आणि मीही?”

“दोघंही असू शकता,” म्हातारेबुवा म्हणाले.

कानांत बोळे आणि त्यावर कर्णरोधक असे दुहेरी चढवले. खोटं काडतूस अधूनमधून मिसळत दोन दिवस सराव केला. कागद धरून भोकांतलं अंतर मोजायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या संध्याकाळी तीन गोळ्या दीड इंचात आल्या. मग दुर्बीण जुळवली, शेवटी.

सोमवारी तो पहाटे नारिंगी जाकीट घालून निघाला. मी घरी चहा पीत खिडकीशी. दुपारी रिकाम्या हातांनी परतला. हरीण दिसलं होतं, म्हणाला, पण फार लांब, आणि झाडांआड. शुक्रवारी मात्र ऐंशी यार्डांवर एकच गोळी. वीस पावलांत पडलं. एक मांडी म्हातारेबुवांकडे पोचती केली.

त्या मादीचा विषय त्यानं नंतर काढला नाही. पण दर वर्षी हंगामाआधी फोन येतो: “मामू, ब्रेक काढून साफ केला. कड बघितली. आता कागद लावतो.” आणि मी विचारतो, “कान झाकलेस ना?”